पश्चिमेकडची चटई

सुम्बेरसारी, कोमेवाइने नदीकाठ
१२ मार्च १९५१

रसिदी,

सलाम. आठ महिन्यांत तुझं पत्र नाही, तेव्हा हे कशाचं उत्तर नाही. कासान नावाडी दर आठवड्याला पारामारिबोत तुझ्या शिवणाच्या दुकानावरून जातो. तू बरा आहेस, जाड झालायस, असं तोच सांगतो. शहरात जाऊन तुला मक्का कुठल्या दिशेला आहे ते कळलं. घर कुठल्या दिशेला आहे ते मात्र तू विसरलास.

बापाकची, आपल्या वडिलांची, तब्येत तशीच आहे. गेल्या रमजानात डावं अंग गेलं आणि बोलणंही गेलं, त्यात फरक नाही. उजवा हात चालतो. पाचही वेळा मी चटई घालते, ते सरकत सरकत तिच्यावर येतात आणि बसूनच नमाज पढतात. चटई पश्चिमेलाच. बेचाळीस वर्षं त्यांनी तशीच घातली, त्यांच्यामागे सगळ्या गावानं घातली. जावात असताना मक्का पश्चिमेला होती. इथं सुरिनाममध्ये ती पूर्वेला आली, आणि या म्हाताऱ्यांनी गाठोड्याबरोबर जुनी दिशाही बांधून आणली. हे तूच सांगायचास. सात वर्षांपूर्वी भर मशिदीत उभा राहून ‘बापाक, तुम्ही काबाकडे पाठ करून बसलाय’ असंही तूच म्हणालास आणि निघून गेलास. ते मी उकरून काढत नाही.

मला एवढंच विचारायचंय. गेल्या सोमवारी, पाच तारखेला, तू गुपचूप येऊन गेलास का?

त्या दिवशी दुपारची चटई मी घातली आणि कोंबड्यांना दाणे टाकून परत आले. बापाक बसले होते, पण चटई वाकडी होती. आपल्या फळ्या सरळ नदीकडे जातात, त्यामुळे बोटभर फरकही लगेच कळतो. मी म्हटलं, त्यांच्या पायानं सरकली असेल. सरळ केली. दुसऱ्या दिवशी वाकडी, आणि थोडी जास्त. रोज तेच चाललंय. रोज उजवीकडे, समुद्राच्या बाजूला. घरात मी आणि ते, तिसरं कुणी नाही. मी खोलीत असेन तर काही होत नाही. पाठ वळली की होतं.

तू केलं नसशील तर तसं लिही. केलं असशील तरी लिही, मी रागावणार नाही.

तुझी थोरली बहीण, तुझी यू,
सारिन्तेन


पारामारिबो
१७ मार्च १९५१

यू,

सलाम. तुझं पत्र वाचून मी यंत्रावरून उठलो. गिऱ्हाईक अर्धी बाही हातात धरून उभं होतं, ते तसंच राहिलं. नाही, मी आलो नव्हतो. या हातांनी मी ती चटई वळवलेली नाही.

कुणी वळवली ते तुला कळत नाही? यू, कुणाच्या हाताशिवाय जे हलतं ते कुणाचं काम असतं? सात वर्षं मी ओरडून सांगतोय, हिदायत, म्हणजे खरी वाट दिसणं, माणसाच्या हातात नसते. बाप मुलाला ती देऊ शकत नाही, मुलगा बापाला देऊ शकत नाही. मी किती आटापिटा केला! होकायंत्र आणून दाखवलं, नकाशा भिंतीला लावला, भांडलो, रडलो. एक म्हातारा मी एक बोटभर हलवू शकलो नाही. आणि आता ज्याच्या हाती ते आहे त्यानं मनावर घेतलंय. तो बापाकना रोज दोन बोटं वळवतोय, एवढ्या हळू की म्हाताऱ्या हाडांना दुखू नये. याहून दयाळू काही तू ऐकलंयस का?

तू मध्ये येऊ नकोस. सरळ करू नकोस, हात लावू नकोस. फक्त फळीवर कोळशानं रोज खूण कर आणि मला कळव. उजवीकडून फिरत फिरत ती पूर्वेला येईल आणि तिथं थांबेल. बघशील तू.

हे कुणाला सांगू नकोस. आपल्या दोघांत राहू दे.

रसिदी


सुम्बेरसारी
२४ मार्च

रसिदी,

खुणा करतेय. काल चटई सरळ समुद्राकडे होती. उत्तरेला काय आहे रे? चिखल, खारफुटी आणि पाणी. बापाक त्या पाण्याकडे तोंड करून सजदा करतात.

तुझं ऐकलं नाही एका बाबतीत. मंगळवारी मी चटईच्या चारही कोपऱ्यांत खिळे ठोकले, चांगले खोल. बापाक बघत होते. मला वाटलं ते हसले, पण त्यांचं अर्धं तोंड लुळं, काय सांगावं. मग मी विहिरीवर गेले. परत आले तर चटई वळलेली. खिळे चटईत होते, फळीत घट्ट ठोकलेले होते. मी जिथं ठोकले होते तिथं हात फिरवून पाहिला. भोक नाही, ओरखडा नाही.

आणखी एक. मी त्यांना चहा देते तेव्हा कपातला चहा सपाट राहत नाही. एका बाजूला चढतो, मग उतरतो, मग दुसऱ्या बाजूला चढतो. माझ्या हातात कप असेपर्यंत सपाट असतो. त्यांच्या हातात गेला की सुरू. त्यांचा हात थरथरत नाही, मी नीट पाहिलंय. ते स्वतःही बसल्या बसल्या झुलतात, हळूहळू, पुढे मागे.

तू दयाळू म्हणतोस. असेल. मग मला भीती का वाटते?

कासान म्हणाला, तू गेल्या शुक्रवारी तुमच्या मशिदीत उभा राहून हे सगळं सांगितलंस. ‘माझे वडील येत्या शुक्रवारपर्यंत पूर्वेला वळतील, आणि त्यांच्यामागे सुम्बेरसारी वळेल’ असं म्हणालास. आपल्या दोघांत राहू दे, असं तूच लिहिलं होतंस ना? तुमच्याकडे दोघांत दोनशे माणसं मावतात वाटतं.

सारिन्तेन


पारामारिबो
२७ मार्च

यू,

हो, बोललो. लपवलं ते चुकलं. पण बोललो ते चुकलं नाही. दिवा पाटीखाली झाकून ठेवायचा का? आपल्या गावातली दोनशे माणसं उलट्या दिशेला तोंड करून मरायला निघाली आहेत. पुरलीही तशीच जातात, पश्चिमेला तोंड करून, कयामतपर्यंत. बापाक सत्तरीला टेकलेत. त्यांनी त्या मातीत कुठे तोंड करून निजायचं, हे आता ठरतंय. मला दुसरं काही नको, यू. इमामपद नको, वाहवा नको. बापाक काबाकडे तोंड करून पुरले जावेत, एवढंच हवंय.

शुक्रवारी आमची काही माणसं लाँचने येतील. त्यांना पाहू दे.

मला यायला जमणार नाही. थोडा ताप आहे.

रसिदी


सुम्बेरसारी
३१ मार्च

रसिदी,

ताप उतरला असेल तर वाच.

आधी बुधवारचं सांगते. सोमवारपासून चटईनं चाल बदलली. इतके दिवस दोन दोन बोटं सरकायची, आता हात हात. बुधवारी दुपारी मी आत आले तेव्हा ती थेट पूर्वेला होती. बापाक तिच्यावर बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडणं नव्हे, चेहरा शांत होता. मी दारातच बसले. खोटं कशाला बोलू, मीही रडले. म्हटलं, माझा भाऊ खरा निघाला.

गुरुवारी ती पूर्व ओलांडून गेली.

शुक्रवारी तुझी तीस माणसं पांढऱ्या टोप्या घालून अंगणात उतरली. गावही जमलं. मी दार उघडलं. चटई आपल्या स्वयंपाकघराकडे वळलेली, चुलीवर सावतोचं सूप उकळत होतं, आणि बापाक त्याकडे तोंड करून हात बांधून बसलेले. मग मागून गावातला लिक पोनिमान म्हणाला, ‘रसिदीची पूर्व सावतोच्या पातेल्यात निघाली की!’ सगळं गाव हसलं. तुझी माणसंसुद्धा हसली, त्यांना मी दोष देत नाही. मी त्यांना तेच सूप वाढलं.

मी नाही हसले. ती आग्नेयेला का गेली? तिथं कुणाचंच काही नाही. तुझंही नाही, आमचंही नाही.

आणि बापाकना थंडी वाजू लागली आहे. बाहेर कोंबड्या उन्हानं चोची उघड्या टाकून बसतात, आणि हे दोन गोधड्यांत कुडकुडतात. हात बर्फासारखे. डॉक्टरनं नाडी पाहिली, ताप नाही म्हणाला.

सारिन्तेन


पारामारिबो
१४ एप्रिल

यू,

उत्तराला उशीर झाला. त्या शुक्रवारनंतर आमच्या मशिदीत मी मागच्या रांगेत बसतो. ते असो.

तुझ्या खुणांचे आकडे मी कागदावर मांडून बसलो होतो. पश्चिम, मग वायव्य, मग उत्तर, मग तीन दिवसांत गर्रकन पूर्व, मग आग्नेय. कुठल्याच हिशेबात बसेना. मग नागरिकत्वाच्या कामासाठी तू मला पाठवलेला बापाकचा मजुरीचा करारनामा आठवला. त्यावर गोऱ्या कारकुनानं तारखा लिहिल्या आहेत. जावातल्या सेमारांगहून जहाज सुटलं, ५ मार्च १९०९.

पाच मार्च, यू.

शाळेत जाऊन मी मास्तरांकडून पृथ्वीचा गोल मागून घेतला. एक दोरा मक्केवर टाचणीनं टोचला आणि दुसरं टोक जहाजाच्या वाटेनं नेऊ लागलो. जावातून दोरा पश्चिमेला ताणतो. समुद्र ओलांडताना हळूहळू उजवीकडे झुकतो. एडनपाशी उत्तर. मग जहाज तांबड्या समुद्रात शिरतं आणि मक्केच्या अगदी अंगावरून जातं. तिथं तीन दिवसांत दोरा फिरून पूर्वेला येतो, आणि सुवेझपर्यंत आग्नेयेला. पुढे हॉलंडपर्यंत आग्नेयच. करारनाम्यावर लिहिलंय, अॅमस्टरडॅमला दुसऱ्या जहाजासाठी मजूर चौदा दिवस थांबले, १२ ते २६ एप्रिल. तिथं तेव्हा थंडी असते.

बापाक घरात नाहीत, यू. ते जहाजावर आहेत.

मास्तर म्हणाले, ‘रसिदी, घाम का फुटलाय?’ मी गोल तिथंच ठेवून आलो.

उरलेलं तूच पडताळून बघ. सव्वीसला ते निघतील. मग चटई हळूहळू परत येईल, आग्नेयेकडून पूर्वेकडे, कारण सुरिनामहून मक्का पूर्वेलाच आहे. १६ मे रोजी जहाज पारामारिबोला लागलं. त्या दिवशी ते उतरतील. आणि तेव्हा चटई पूर्वेला असेल.

पण एक मला कळत नाही. त्यांनी वाटेत दिशा बदलत नेली, म्हणजे त्यांना ती ठाऊक होती?

रसिदी


सुम्बेरसारी
२९ एप्रिल

रसिदी,

चटई सव्वीसला हलली. परत पूर्वेकडे, बोटभर. गोधड्याही त्यांनी फेकून दिल्या.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तीन आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं. लिहिलं नाही. तू काय करशील याची भीती वाटली. पण आता तू निम्मं शोधून काढलंयस, उरलेलं लपवून काय उपयोग.

म्हातारे म्बाह सानिमान आठवतात ना, खालच्या आळीतले, डोळ्यांनी अधू? ते बापाकच्याच जहाजावर होते. मी त्यांच्याकडे केळीच्या पानात सोयाबीनचं तेम्पे घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. ते बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले:

‘जहाजावर नदुक नावाचा एक हाजी होता. म्हातारा, चार पुस्तकं शिकलेला. खलाशांच्या होकायंत्राकडे बघून रोज तो चटई थोडी वळवायचा, आणि तुझा बाप त्याच्या शेजारी वळवायचा. आम्ही बाकीचे उलट्या करत पडलेलो. हाजी हॉलंडात थंडीनं गेला. मग पुढे रोज तुझा बाप एकटाच वळवायचा. आम्हा शंभर जणांत दिशा ठाऊक असलेला तो एकटाच उरला.’

‘मग?’

‘मग इथं उतरलो. मळ्यातल्या चाळीत शिरलो. बायका भिंतीला टेकून रडत होत्या, कुणाला काही उमगत नव्हतं. सगळ्यांनी तुझ्या बापाला, वोंगसोला, विचारलं, तोंड कुठे करायचं? दुपार गेली, अस्रच्या नमाजाची वेळ आली. तो उठला आणि त्यानं चटई पश्चिमेला घातली. आम्ही मागे उभे राहिलो.’

मी म्हटलं, ‘तुम्ही त्यांना कधी विचारलं नाही?’

‘तीस वर्षांनी विचारलं. म्हणाला, पूर्वेला तोंड केलं असतं तर या सगळ्यांची गावाकडे पाठ झाली असती. त्या दिवशी कुणी जगलं नसतं. रोज पाच वेळा त्यांना गावाकडे बघू दे. कयामतीला जबाब द्यायचाय तो मी देईन, त्यांच्यातल्या कुणाला विचारू नका म्हणून सांगेन.’

ऐकलंस? म्हणून मी लिहिलं नव्हतं.

सारिन्तेन


पारामारिबो
७ मे

यू,

सात वर्षं मी व्यासपीठावरून एकच सांगत आलो, की आमचे म्हातारे अडाणी होते आणि अडाण्याला माफी आहे. ते मी लोकांना सांगत नव्हतो, स्वतःला सांगत होतो. त्या आधारावर मला झोप लागायची. तू तो आधार काढून घेतलास.

जाणून चुकलेल्याला काय आहे? सांग! त्यांनी एका माणसाची दिशा चुकवली नाही, अख्ख्या गावाची चुकवली. इथं जन्मलेल्या, जावा न पाहिलेल्या पोरांचीही. ती पोरं कुठल्या गावाकडे बघतात, यू? त्यांचं गाव इथंच आहे! दयेपोटी केलं म्हणतेस. पण दया कुणी करायची, आणि सत्य कुणाचं कमी करून करायची? तो अखत्यार बापाकना कुणी दिला?

आणि मग माझाच आवाज मला विचारतो, कुणी दिला? त्यानंच दिला ना. मान दिली, ती वळू शकते हेही दिलं. मळ्यातला मुकादम माणसाला ढकलून हवा तिथं उभा करतो. त्या देणाऱ्याला तसं करायचं असतं तर सगळी सृष्टी एका दिशेला तोंड करून दगडासारखी उभी राहिली असती, आणि माझ्यासारख्या बोलघेवड्याला काही काम उरलं नसतं. मी हे शंभरदा बोललोय, यू, शब्द पाठ आहेत. पण माणूस निवडतो म्हणजे माझा बापही निवडतो, हे कधी डोक्यात आलं नाही.

म्हणून मला आता हे नीट दिसतं. बेचाळीस वर्षांनी त्यांना तोच प्रवास परत दिला आहे. तेच दिवस, तीच थंडी. म्हणजे सोळा तारखेला तोच क्षण परत येईल, आणि या वेळी ते पूर्वेला राहू शकतील. ही शेवटची मुभा आहे. मी येतोय. या वेळी ताप येणार नाही. मागच्या वेळीही आला नव्हता.

रसिदी


सुम्बेरसारी
२१ मे

रसिदी,

तू न जेवता गेलास. सात वर्षांनी आलास, तीन तास थांबलास, आणि ताटावरचं फडकंही काढलं नाहीस. रागावले नाही, लिहून ठेवतेय.

तू पाहिलंस ते मीही पाहिलं, तरी एकदा लिहिते, म्हणजे पुढे आपल्यात भांडण नको. सोळा तारखेला दुपारी चटई पूर्वेला होती. तुझ्या बोलण्याप्रमाणे, थेट पूर्वेला. घर माणसांनी भरलं होतं. कपातला चहा सपाट झाला होता, झुलणं थांबलं होतं. तू ओरडलास, ‘बघा!’ आणि बापाकच्या मागे उभा राहून त्यांच्याबरोबर नमाज बांधायला हात वर केलेस. तुझा चेहरा असा मी लहानपणानंतर पाहिला नव्हता.

तेव्हा बापाकनी चटईची कड धरली. उजव्या हातानं. या सबंध अडीच महिन्यांत ती वळताना कुणी पाहिली नव्हती, ही सगळ्यांनी पाहिली. लुळा पाय ओढत, टेकत, धापा टाकत. कुणी पुढे झालं नाही, आणि मीही नाही. किती वेळ लागला! उत्तर गेली, वायव्य गेली, आणि शेवटी पश्चिम. तू त्यांच्या मागे होतास, म्हणून वळल्यावर ते तुझ्यासमोर आले. अगदी समोर, हातभर अंतरावर. तुझ्या तोंडाकडे बघत त्यांनी नमाज सुरू केली. तू हात खाली घेतलेस आणि बाहेर गेलास. लाँचचा भोंगा वाजला तेव्हा मला कळलं की तू खरंच गेलास.

तू न ऐकलेलं एवढंच. नमाज संपली, लोक गेले. मी त्यांना उचलून बाजेवर ठेवत होते, आणि ते बोलले. एक वर्षानं, जड जिभेनं, पण स्पष्ट:

‘पोरगं जेवलं का?’

मी म्हटलं, ‘हो, बापाक. दोनदा घेतलं त्यानं.’

माझं खोटं मी माझ्या नावावर ठेवते.

त्यानंतर चटई हलत नाही. मी घालते तशी राहते. पण त्यांनी खाणं सोडलंय. डॉक्टर म्हणाला, आठवडाही नाही. कबर गावातल्या रीतीनं खणतील, डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेला. त्यांनी स्वतः सांगितलंय ते सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा आता कुणी वाद घालणार नाही. तू मुलगा आहेस. खड्ड्यात उतरणं तुझं काम आहे. येणार असशील तर भांडायला येऊ नकोस.

सारिन्तेन


पारामारिबो
३ जून १९५१

यू,

घरी पोचलो. तू बांधून दिलेलं सगळं खाल्लं, नावेतच.

तीन दिवसांनी रोजे सुरू होतात. आमच्या मशिदीच्या मंडळींनी पहिल्या संध्याकाळी मला बोलायला सांगितलंय. विषय त्यांनीच ठरवलाय, हिदायत. मी हो म्हटलेलं नाही. आधी तुला एक सांगायचंय. ते ऐकून तू मला पुन्हा त्या घरात येऊ देशील की नाही, ते तू ठरव.

तू भांडू नकोस म्हणालीस, बापाकच्या मातीच्या वेळी मी भांडलो नाही. लोकांना वाटलं, रसिदी शांत झाला. मी शांत नव्हतो. मी ठरवून आलो होतो.

आपली माती तुला माहीत आहे. दोन हात खणलं की पाणी. खड्डा अरुंद होता, एकालाच जागा होती, तो एक मी. वरून तुम्हाला माझी पाठ दिसत होती, दुसरं काही नाही. तुम्ही बापाकना माझ्या हातांत दिलंत. किती हलके होते! मी त्यांना रीतीप्रमाणे उजव्या कुशीवर ठेवलं, तोंड पश्चिमेला. कफनाची गाठ सोडली, गाल मातीला लावला. तुम्ही वरून बघत होतात तोवर एवढंच केलं.

मग इमाम दुआ मागू लागला, सगळ्यांच्या माना खाली गेल्या, आणि मी त्यांना वळवलं.

डाव्या कुशीवर. तसं निजवत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तोंड पूर्वेला आलं. पाठीमागे ओल्या मातीची तीन ढेकळं लावली, घट्ट, ते लवंडू नयेत म्हणून. त्यांच्या कानाशी म्हटलं, ‘बापाक, तुम्ही लोकांसाठी केलंत, मी तुमच्यासाठी करतो.’ जो माणूस त्यांनी सगळ्या गावासमोर धापा टाकत सांगितलेलं ऐकायला तयार नव्हता, तो त्यांच्या कानात हे बोलत होता. ते आता नाही म्हणू शकत नव्हते. मला माझंच बोलणं आठवत होतं, की माणूस निवडतो. निवडत होतो तो मी होतो, त्यांच्या वतीनं.

फळ्या घ्यायला मी वळलो. एक पाय भिंतीत रोवून वर पाहिलं, हात वर केला. एवढाच वेळ, एक श्वास. मग पायाखाली काही ढासळलं का म्हणून खाली पाहिलं.

ते उजव्या कुशीवर होते. तोंड पश्चिमेला. आणि तिन्ही ढेकळं त्यांच्या पाठीमागे होती, आता पूर्वेकडे आलेल्या पाठीमागे, माझ्या बोटांचे ठसे तसेच, जसं मीच लावलं होतं. पाणी हललेलंही नव्हतं.

कुणाच्या हाताशिवाय जे हलतं ते कुणाचं काम, असं मी तुला मार्चमध्ये विचारलं होतं. उत्तरही मीच दिलं होतं. त्या खड्ड्यात उभा राहून मी ते उत्तर गिळत होतो. मग दुसरा विचार आला, की ते त्यांनीच केलं असेल, जसं घरात केलं तसं. आणि मग वाटलं, मी वळवलंच नसेल, फक्त ठरवलं असेल. यातलं कुठलंही एक खरं असो, मला ते कळणार नाही.

एवढं मात्र कळत होतं की माझ्याकडे अजून वेळ आहे. दुआ चालू होती. मी परत वाकू शकत होतो. मी ताकदवान आहे, आणि खाली कुणी बघत नव्हतं. मला कुणी धरलं नव्हतं, यू, ना वरून, ना खालून. माझे हात मोकळे होते. एवढे मोकळे ते कधीच नव्हते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते कुठे बघतायत ते पाहिलं. त्या बाजूला ओल्या मातीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं.

त्यांना कुणी वळवलं ते मला ठाऊक नाही. तसंच राहू दिलं, ते मी.

वरून लिक पोनिमान म्हणाला, ‘झालं का रे?’

मी हात वर केला आणि म्हणालो, ‘झालं. फळी द्या.’

रसिदी